काकाचा सात्त्विक ट्राउट

२००६ सालच्या मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी, संध्याकाळी पावणेसहा वाजता, न्यू जर्सीत पिस्कॅटवेच्या एका बेसमेंटमधून अनिकेत शेंडे या विद्यार्थ्याला बाहेर काढण्यात आलं. त्याने दारू पिऊन गोंधळ घातला नव्हता. घरात सिगरेट ओढली नव्हती, मोठ्याने गाणी लावली नव्हती. त्याचा एम.एस.चा थीसिस दोन आठवड्यांत सबमिट व्हायचा होता आणि सांता क्लाराच्या एका कंपनीत जूनपासून नोकरी ठरली होती, डिग्री वेळेत हातात पडली तर. गुन्हा एकच. त्याने त्या दिवशी एक मासा खाल्ला होता. घरात नाही. घरापासून दोन तासांवर, दुसऱ्या राज्यात, उघड्यावर.

ज्याने त्याला काढलं त्याचं नाव मी देणार नाही. दिलं तर तुम्ही म्हणाल, "अरे हो, तो तसलाच आहे," आणि तुमची सुटका होईल. त्याला सगळे काका म्हणायचे. मीही म्हणते, कारण इकडे पन्नाशीपुढच्या प्रत्येक मराठी पुरुषाला काका म्हणायची पद्धत आहे. पण 'काका आले, काका म्हणाले' असं मी लिहिणार नाही. ते आदरार्थी बहुवचन मी त्या शनिवारी परत घेतलं.

तर काका मासे पकडायचा. आणि काका शुद्ध शाकाहारी होता. हे दोन्ही एका माणसात कसं मावतं असं तुम्हाला वाटत असेल. काकाच्यात ते फार ऐसपैस मावलं होतं.

एप्रिल ते ऑक्टोबर, दर शनिवारी, तो पेनसिल्व्हेनियातल्या एका ओढ्यावर जायचा. चुनखडीच्या दगडातून फुटणाऱ्या झऱ्यांचा ओढा. पाणी ऐन उन्हाळ्यात पाय बधिर करणारं आणि इतकं नितळ की तळाच्या गवतात उभा असलेला मासा काठावरून दिसावा. दोन्हीकडे गाईंची कुरणं. इंग्लंडच्या दक्षिणेला असेच ओढे असतात म्हणे. काका तिथे कधी गेला नव्हता, पण तिथल्या साहेबांची जुनी पुस्तकं वाचून वाचून त्याने लोकरीची जाडजूड इंग्लिश टोपी घेतली होती. जुलैच्या उन्हात ती टोपी, खाली छातीपर्यंतची रबरी विजार, आणि कमरेला लटकवलेला काकूंचा डबा. घाम टोपीतून गळ्यात उतरायचा, पण टोपी उतरायची नाही.

हे साधं मासे पकडणं नव्हतं, फ्लाय फिशिंग होतं. गळाला खरा किडा लावायचा नाही. गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून खोटी माशी तयार करायची आणि ती पाण्यावर अशी अलगद टाकायची की ट्राउटला वाटावं, खरीच येऊन बसली. मासा वर येतो, तोंड उघडतो, फसतो. मग त्याला जाळीत घ्यायचं, हात ओले करायचे, गळ काढायचा आणि सोडून द्यायचं. खायचं नाही.

"माशीने मासा!" काका म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. हा विनोद मी जितक्या वेळा त्या ओढ्यावर गेले तितक्या वेळा ऐकला.

आणखी एक ठरलेलं वाक्य होतं. "मासा पकडायचा नसतो गं. दर्शन घ्यायचं असतं."

"काका, देवाच्या ओठात गळ अडकवून दर्शन घेतात का?" मी एकदा विचारलं.

"पत्रकबाई, तुम्ही पत्रकं वाटा."

मी तेव्हा युनिव्हर्सिटीत ग्रॅज्युएट विद्यार्थ्यांच्या युनियनची पत्रकं वाटायचे, म्हणून मी पत्रकबाई. अनिकेत माझा वर्गमित्र. त्याच्या नादाने मी जायचे, आणि खरं सांगायचं तर काकूंच्या डब्यातल्या थालीपिठासाठी जायचे.

काकाच्या मते ट्राउट हा सात्त्विक मासा. का, तर थंड आणि स्वच्छ पाण्याशिवाय जगत नाही, चिखलात तोंड घालत नाही, वाहत्या पाण्याकडे तोंड करून उभा राहतो. या सात्त्विक माशाला बेडूक, उंदीर आणि वेळ पडली तर स्वतःच्या जातीची पिल्लं चालतात, हे काकाच्याच कपाटातल्या पुस्तकात लिहिलेलं होतं. मी पान उघडून दाखवलं. काकाने चष्मा काढून पुसला आणि म्हणाला, "ते मोठे झाल्यावर."

ओढ्यावर उडणाऱ्या माश्यांची लॅटिन नावं त्याला पाठ होती, आणि ती तो असल्या ठसक्यात, प्रत्येक जोडाक्षर चावून म्हणायचा की शेजारी उभा असलेला अमेरिकन माणूस एकदा म्हणाला, "वॉव, इज दॅट सँस्क्रिट?" काका आठवडाभर खूश होता.

पण नावं पाठ असणं ही हौस झाली. हौशीवर माझा राग नाही. राग आहे तो पुढच्या गोष्टीवर. या माणसाने अमेरिकेत येऊन ओढ्यातसुद्धा वर्णव्यवस्था उभी केली होती. सगळ्यात वर, पाण्यावर तरंगणारी माशी टाकणारे. त्यांच्याखाली, बुडणारी माशी वापरणारे. त्यांच्याशी हवापाण्याचं बोलायला हरकत नाही. त्यांच्याखाली, गळाला चकाकते पत्रे लावून पाण्यातून ओढणारे. आणि सगळ्यात तळाला गांडूळवाले. ओढ्यावर एक पूल होता. पुलाच्या वरच्या अंगाला पकडलेला प्रत्येक मासा सोडायचा, असा सरकारी बोर्ड होता. खालच्या अंगाला लायसन्स असेल तर मासा घरी नेता यायचा. गांडूळवाले तिथे खुर्च्या टाकून बसायचे, बिअर घेऊन, पोरंबाळं घेऊन. पकडायचे, भाजायचे, खायचे. काका त्यांना साधं हॅलो म्हणायचा नाही.

"पोटार्थी आहेत ते," म्हणायचा. "त्यांच्यामुळे पाणी बिघडतं."

पाणी तर वरून खाली वाहत होतं. खाली बसलेल्यांमुळे वरचं पाणी कसं बिघडतं, हा प्रश्न काकाला पडला नाही. ज्यांच्या आज्यांना गावच्या ओढ्यावर खालच्या अंगालाच पाणी भरावं लागलं, त्यांना मात्र हे वाक्य पहिल्यांदा ऐकूनही ओळखीचं वाटतं.

आता घर. घरात अंडं चालायचं नाही. केक आणला तर काका डब्यावरचं बारीक अक्षर भिंगाने वाचायचा. बेसमेंट भाड्याने देताना पहिली अट तीच, दुसरी अट नाहीच. आणि याच घरात, देवघराच्या शेजारच्या खोलीत, एक उंच कपाट होतं. त्यात कोंबड्यांच्या मानांची सोललेली कातडी, पिसांसकट. सशाचा चेहरा, कानांसकट. हरणाच्या शेपट्या. बदकाचे पंख. सगळं डांबरगोळ्या घालून, रंगांप्रमाणे लावलेलं. खोट्या माश्या यांच्यापासून बनायच्या. काकू तिकडे न बघता देवाला फुलं वाहायच्या.

अनिकेतने ते कपाट पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी तिथेच होते.

"काका, हे कोंबडे...?"

"मेलेले असतात रे. आपण मारत नाही. आपण फक्त पिसं घेतो."

"मग मीही मेलेलीच कोंबडी आणतो ना. पिसं तुम्ही घ्या, बाकीचं मी बघतो."

काका खो-खो हसला. अनिकेतच्या पाठीत थाप मारली. "शेंडे, तू महा वात्रट आहेस!"

हसला, कारण तेव्हा अनिकेत त्याच्या हिशेबात 'आपल्यातला' होता. ते कसं झालं तेही ऐका. खोली बघायला गेला तेव्हा काकाने आडनाव विचारलं.

"शेंडे म्हणजे गुहागरकडचे का?"

"नाही काका, भंडाऱ्याचे."

"अच्छा अच्छा! म्हणजे भोसल्यांबरोबर तिकडे गेलेले."

अनिकेतने भाडं विचारलं. हे त्याने मला नंतर सांगितलं तेव्हा आम्ही दोघं हसून हसून खाली बसलो. शेंडे हे आडनाव कोकणातल्या ब्राह्मणांत आहे आणि विदर्भात कितीतरी जातींत आहे. काकाला एकच शेंडे माहीत होते. कुणी म्हणेल, पोराने फसवलं. अजिबात नाही. त्याला जात विचारली नव्हती, आडनाव विचारलं होतं. ते त्याने खरं सांगितलं. पुढचा सगळा इतिहास काकाने स्वतः रचला आणि स्वतःच मान डोलावली. "व्हेजिटेरियन ना?" या प्रश्नाला अनिकेत म्हणाला होता, "घरात काही बनवणार नाही, काका." दीड वर्षात त्याने तो शब्द मोडला नाही.

त्या दीड वर्षात काकाने त्याला शिष्य केलं. स्वतःची गळाची दुसरी काठी दिली. तिची मूठ कॉर्कची, हाताच्या घामाने काळसर झालेली. "या मुठीवर आता तुझाही हात बसू दे," असं म्हणून दिली. अनिकेतचा हात खरंच हलका होता, त्याची माशी पाण्यावर पडायची तेव्हा पाणी हलायचं नाही. मराठी मंडळात काका त्याला पुढे करायचा. "हा आमचा शेंडे. बघा, रक्तातच असतं हे. शिकवून येत नाही."

रक्तात काय असतं याबद्दल काकाला फार खात्री होती.

मग तो शनिवार. त्या दिवशीही मी बरोबर होते. दुपारी पुलाखाली, खालच्या अंगाला, एक मोठा ब्राउन ट्राउट वर येत होता. पाण्यावर वर्तुळ उमटायचं, विरायचं, पुन्हा उमटायचं. काकाचा गुडघा दुखत होता, पुलाखालच्या निसरड्या दगडांवर त्याला उतरवेना. त्यानेच स्वतः बांधलेली माशी अनिकेतच्या दोऱ्याला लावली. "जा शेंडे. टाक. माझ्या वतीने दर्शन घे."

अनिकेतने टाकली. माशाने ती नुसती ओठात धरली नाही, गिळली. जाळीत घेतला तेव्हा गळ कल्ल्यात रुतलेला होता आणि जाळीतून रक्त ठिबकत होतं.

"हात ओले कर! सोड, सोड!" काका काठावरून ओरडला.

अनिकेतने गळ काढला, शिकवल्याप्रमाणे माशाचं तोंड प्रवाहाकडे करून दोन्ही हातांनी धरून ठेवलं. बराच वेळ. हात काढला की मासा आडवा व्हायचा, पांढरं पोट वर.

"काका, हा जात नाही."

"सोडून दे. पुढचं निसर्ग बघेल."

"निसर्ग काय बघणार? हा मरणारच, काका. सोडला तर फुकट मेला."

आणि त्याने दगडाने एक टोला मारून माशाचे हाल संपवले. पुलाच्या खालचं अंग. लायसन्स खिशात. कायद्यात बसणारी गोष्ट. शेजारच्या गांडूळवाल्या कुटुंबाने पेटलेल्या ग्रिलची एक बाजू दिली, बाईने सुरी दिली. अनिकेतने पोट साफ केलं, काकडीसाठी काकूंनी डब्यात दिलेलं तिखट-मीठ चोळलं. आम्ही दोघांनी बोटांनी काटे काढत खाल्लं. त्या बाईच्या पोरांनीही खाल्लं. तो मासा अप्रतिम होता.

काका गाडीत काचा वर करून बसला होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा त्याने काच चार बोटं खाली केली.

"शेंडे, तुमच्या घरी हे चालतं?"

"हो काका. रविवारी तर असायचेच मासे. तळ्याकाठचं गाव आमचं."

"नाही, हल्ली आपल्यातलेही खातात, मला माहितीय. माझा मेहुणा खातो. पण ते हॉटेलात. हे असं... पोट फाडणं, आतडी काढणं... हे कुठे शिकलास?"

"आईकडे."

"आईकडे? म्हणजे, तुम्ही नक्की कोण?"

"बौद्ध, काका."

"अच्छा," काका म्हणाला.

दीड वर्ष 'आमचा शेंडे', आणि त्यावर हे एवढंच, अच्छा. अनिकेतने साबणाने हात धुतले होते. काठी सुटी करून त्याने काचेतून पुढे केली. काकाने ती पेपर नॅपकिनने धरून घेतली. मग डॅशबोर्डच्या कप्प्यातून सॅनिटायझरची बाटली काढली आणि कॉर्कची मूठ पुसायला लागला. दोन वेळा पुसली. आम्ही बघतोय हे लक्षात आल्यावर म्हणाला, "कॉर्कला वास धरतो."

मासा तर पाण्यात होता तेव्हाही ती मूठ अनिकेतच्याच हातात होती. दीड वर्ष होती. तेव्हा वास धरला नव्हता.

परतीच्या दोन तासांत गाडीत फक्त रेडिओ बोलला. घरी पोहोचल्यावर काका पार्किंगमध्येच म्हणाला, "अनिकेत," शेंडे नाही, अनिकेत, "तू आजच दुसरीकडे सोय बघ. काकूला कम्फर्टेबल वाटणार नाही."

काकू दारात उभ्या होत्या. "मला काय झालंय? मला कुणी विचारलं? अहो, त्या पोराची परीक्षा आहे."

"तू आत जा."

काकू आत गेल्या.

मी म्हटलं, "काका, असं काढता येत नाही. नोटीस द्यावी लागते."

"नोटीस कसली? लीज कुठे केलंय? घरच्यासारखा ठेवला होता त्याला!"

या वाक्याचा अर्थ मला त्या दिवशी कळला. लीज केलं असतं तर तो भाडेकरू असता, त्याला हक्क असते. घरच्यासारखा होता म्हणून एका संध्याकाळीत बाहेर. मी भांडायला तयार होते. अनिकेतने माझा दंड धरला. "चल यार. इथे आता मला झोप लागेल का?" एक बॅग, लॅपटॉप, पुस्तकांचा खोका. बाकी सामान दुसऱ्या दिवशी न्यायचं ठरलं.

ते न्यायला रविवारी मी एकटी गेले. काका कपाटाच्या खोलीत टेबलाशी बसला होता. डोळ्याला भिंग, चिमट्यात इवलासा गळ, त्याभोवती कोंबड्याच्या मानेचं पीस गुंडाळत होता. मी दारातच उभी राहून बोलले. दोन आठवड्यांवर थीसिस आलाय, निदान तोवर राहू द्या, नोकरी जाईल त्याची.

काकाने मान वर केली नाही. "मी काय वाईट केलं त्याचं? हात उचलला? शिवी दिली? तोंडातून एक वावगा शब्द काढला का मी? अलगद सोडलं त्याला. कॅच अँड रिलीज." आणि दोरा दाताने तोडत म्हणाला, "जाईल आपल्या पाण्यात. तिथेच तो सुखी राहील."

"काका, कल्ल्यातून रक्त येतंय त्याच्या."

काकाने भिंगातून माझ्याकडे पाहिलं. त्याचा एक डोळा बशीएवढा दिसत होता.

"जाताना दार लाव," म्हणाला. "पिसं उडतात."

अनिकेत लॅबच्या सोफ्यावर झोपायला लागला. दिवसा थीसिस लिहायचा तर खोली शोधायची राहायची, खोली शोधायची तर थीसिस राहायचा. मी पिस्कॅटवे-एडिसनमधल्या देशी दुकानांच्या बोर्डांवरचे सगळे नंबर उतरवून आणले. मराठी, गुजराती, तमिळ, सगळे. जवळपास प्रत्येक कागदावर एक ओळ ठरलेली, 'व्हेजिटेरियन प्रिफर्ड'. फोन स्पीकरवर ठेवून तो बोलायचा, मी ऐकायचे.

"नाव?"

"अनिकेत."

"पूर्ण नाव?"

"अनिकेत शेंडे."

"शेंडे म्हणजे कोणते?"

आता तो सरळ सांगायचा. सांगितलं की पलीकडे खोकल्याचा आवाज, मग, "आत्ताच एका मुलाने फायनल केली हो रूम." दुसऱ्या दिवशी तोच कागद त्याच बोर्डावर, तोच नंबर. काकाने कुणाकुणाला आधीच फोन केले होते की नाही ते मला माहीत नाही. गरज नव्हती. सगळ्यांकडे तोच प्रश्न तयार होता.

शेवटी एका इटालियन म्हाताऱ्याने खोली दिली. त्याने विचारलं, हिवाळ्यात दारापुढचा बर्फ काढशील का. अनिकेत म्हणाला, काढेन. म्हाताऱ्याने किल्ली दिली. पण तोवर तारीख हुकली होती. डिग्री एक सेमिस्टर पुढे गेली, आणि सांता क्लाराची कंपनी थांबली नाही. तो आता ओहायोत डब्लिनला एका लहानशा ऑफिसात काम करतो, त्याच्या विषयाशी संबंध नसलेलं. हे लिहिणार आहे असं त्याला फोनवर सांगितलं तेव्हा म्हणाला, "लिही. पण रडकं लिहू नको."

आणि काका? अजून जातो ओढ्यावर. नवा शिष्य मिळालाय, त्याची जन्मपत्रिका आधी तपासली असणार. गेल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमात त्याने 'निसर्ग, संयम आणि अहिंसा' यावर स्लाइड दाखवून व्याख्यान दिलं. ओल्या हातात धरलेला ट्राउट, पाण्यात परत जाणारा ट्राउट. शाल मिळाली, नारळ मिळाला. हॉल भरलेला होता. मी मागे उभी होते, म्हणून मला सगळ्यांचे हात दिसत होते. टाळ्या तुम्ही वाजवल्या.

हो, तुम्ही. ज्यांचं घर आहे, ज्यांच्या घराला बेसमेंट आहे, आणि दर ऑगस्टला नवी मुलं विमानातून उतरली की जे दुकानातल्या बोर्डावर कागद लावतात. काका विक्षिप्त आहे म्हणून तुम्ही त्याच्यावर हसता. त्या कागदावरची ओळ लिहायला विक्षिप्त असावं लागत नाही. ती तुम्ही शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिता, आणि म्हणता की प्रश्न फक्त स्वयंपाकघराच्या वासाचा आहे. वासाचा असेल तर एक्झॉस्ट फॅन लावा. आडनाव कशाला विचारता?

हा अंक खाली ठेवा. दुकान आत्ता उघडं आहे. गाडी काढा, जा, आणि तो कागद स्वतःच्या हाताने उतरवा. नवा लावताना खोली किती मोठी आहे ते लिहा, बसस्टॉप किती लांब आहे ते लिहा, लीज कधीपासून ते लिहा. मुलाचा फोन आला की त्याला एवढंच विचारा, कधी येतोस?